वृक्षनिरपेक्ष दोलाशय्या

ही गोष्ट २०२३ सालची. साल नक्की सांगता येतं, कारण त्या वर्षी ऑगस्टमध्ये चांद्रयान चंद्रावर उतरलं आणि डिसेंबरमध्ये संगमनेरचे शामकांत बेलापूरकर सर भर माळावर पाण्याचा वीस लिटरचा जार मांडीवर घेऊन सव्वादोन तास बसले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे.

पण सुरुवात त्याही आधीची, जानेवारीतली. ज्येष्ठ नागरिक संघाची सहल भंडारदऱ्याला गेली होती. पूर्वी सहल म्हटलं की एक सतरंजी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढ्यावर भागायचं. जेवणं झाली की पुरुषमंडळी सतरंजीवर आडवी व्हायची, बायका कडेच्या उरलेल्या पट्टीवर बसून सुपारी कातरायच्या, आणि उठल्यावर ज्याच्या त्याच्या गालावर सतरंजीची नक्षी उमटलेली असायची. नक्षी जितकी खोल तितकी झोप गाढ. सगळ्यांना एकच सतरंजी, त्यामुळे कुणाची झोप कुणाच्या डोळ्यांवर यायची नाही.

त्या जानेवारीत मात्र स्टीफन साळवे यांनी खिशातून मुठीएवढी पिशवी काढली. साळवे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, बेलापूरकरांच्या समोरच्याच घरात राहणारे. बायको रेबेका चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी स्टेला कॅनडात. त्या पिशवीतून निघाला स्टेलाने पाठवलेला हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची कापडी झोळी. साळव्यांनी तो दोन जांभळींच्या मध्ये असा काही टांगला, की बावीसच्या बावीस ज्येष्ठ नागरिक रांग लावून उभे राहिले. शामकांतांची बायको अंबिका रांगेत चौथी होती. ती आत शिरली, तिने डोळे मिटले, आणि पाचव्या नंबरच्या माणसाला काही मिळालं नाही. दोन तासांनी उठून, केस सारखे करत, सगळ्यांदेखत ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती."

सगळे हसले. शामकांतही हसले, पण अर्ध्या सेकंदाने उशिरा. तो अर्धा सेकंद पुढे वर्षभर त्यांच्या छातीत काट्यासारखा राहिला.

माणूस वाईट नव्हता. तेहतीस वर्षं टेक्निकल हायस्कूलात ड्रॉइंग शिकवलेलं. गल्लीत कुणाचं दार घासू लागलं, कुणाची टाकी गळू लागली, की लोक यायचे आणि म्हणायचे, "सर, जरा बघता का?" शामकांत खिशाला पेन्सिल लावून जायचे, बघायचे, आणि एक चित्र काढून द्यायचे. दुरुस्ती मिस्त्रीच करायचा, पण चित्र सरांचं असायचं. जानेवारीनंतर लोक समोरच्या घरात जाऊ लागले. का, तर साळव्यांना गाठी मारता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दर रविवारी साळव्यांचा फोटो यायचा: प्रवरेच्या काठी, हॅमॉकमध्ये, डोळे मिटलेले, चेहरा एखाद्या संतासारखा. खाली अंगठ्यांची रांग. शामकांत ते अंगठे मोजायचे, आणि त्यात अंबिकाचा आहे का ते बघायचे. असायचा.

"हे सगळं ठीक आहे," एकदा संघाच्या बैठकीत ते शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "पण झाडं नसतील तिथे काय करायचं?"

"मग बसायचं, सर," साळवे म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

ऑगस्टमध्ये संघाच्या हॉलमध्ये टीव्हीवर चांद्रयान उतरलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष सूर्यभानराव, साखर कारखान्यातले निवृत्त शेती अधिकारी, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शामकांत एकटे यानाच्या पायांकडे बघत होते. चार पाय, फाकलेले, दगडधोंड्यांत ठामपणे उभे.

"चंद्रावर एकही झाड नाही," ते पुटपुटले.

"नसायचंच," सूर्यभानराव डोळे पुसत म्हणाले.

त्या संध्याकाळी ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली आला. दुसऱ्या दिवशीपर्यंत तीन बाजूंनी काढलेलं चित्र तयार होतं, आणि त्याखाली तिरक्या अक्षरांत नाव: वृक्षनिरपेक्ष दोलाशय्या. वजनाला हलकी, घडी होणारी, वर छत्रीच्या कापडाचं छप्पर, कुठेही स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. अंबिकाने चष्मा लावून चित्र पाहिलं.

"अहो, मग बाजच का नेत नाही?"

"बाज खांद्यावर टाकून डोंगर चढता येतो का?"

"तुम्ही कुठला डोंगर चढताय? टेम्पो ट्रॅव्हलर दारापर्यंत येतो."

शामकांतांनी चित्राची गुंडाळी केली. तिला काय सांगणार? त्यांना जगातल्या समस्त वृक्षहीन जनतेचं भलं करायचं नव्हतं. एवढंच हवं होतं, की अंबिकाने त्यांच्या झोळीत झोपावं, आणि उठून तेच वाक्य पुन्हा म्हणावं, शक्यतो साळव्यांना ऐकू जाईल असं.

अकोले रस्त्यावर बिभीषणचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. एके काळचा सरांचाच विद्यार्थी, ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास. त्याने लोखंडी पाइपांची पहिली शय्या आठ दिवसांत उभी केली: दोन टोकांना दोन कैच्या, म्हणजे वर जोडलेल्या आणि खाली फाकवलेल्या पाइपांच्या जोड्या, मध्ये आडवा पाइप, खाली झोळी. ती उत्तम होती. बिभीषण स्वतः जेवणाच्या सुट्टीत तिच्यात झोपला आणि दोन गिऱ्हाइकं परत गेली. मग सरांनी ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. एकोणतीस किलो भरली. साळव्यांची पिशवी सहाशे ग्रॅमची.

"हे चालणार नाही," सर म्हणाले.

"न चालाया काय झालं? तुमाला उचलायचं थोडंच हाय?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्वासाठी बांबू आणले. सहा सरळ, हिरवे, एकसारखे बांबू. ते ओसरीवर आडवे ठेवून सर त्यांवर आडव्या पट्ट्या सुंभाने बांधत होते. शेजारच्या लंकाबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका, भाजी घेऊन परतत होत्या. त्यांनी फाटकातूनच ते बांबू, त्या आडव्या पट्ट्या आणि खाली मान घालून सुंभ आवळणारे सर पाहिले. भाजीची पिशवी तिथेच ठेवून, डोक्यावर पदर घेऊन त्या आत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "कदी झालं? सकाळी तर अंबिकाताई दळन घेऊन जाताना दिसल्या हुत्या."

अंबिका आतून चहा घेऊन आली तेव्हा लंकाबाई मटकन खालीच बसल्या. त्या दिवसापासून अंबिकाने घरात बांबू आणायला मनाई केली. लंकाबाईंनी मात्र चहा पिता पिता सल्ला देऊन टाकला, "काय बी करा, पर रिकामी झोळी हलवू नगा. लई वंगाळ असतंय." त्यानंतर शामकांत प्रत्येक चाचणीच्या वेळी झोळीत बटाटे ठेवू लागले. विश्वास नव्हता, पण उगाच कशाला?

तिसरी शय्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांची. सात किलो. गल्लीतल्या लोकांना सात किलो हे वजन कौतुकाचं वाटलं. शामकांतांना मात्र सातातून सहाशे ग्रॅम वजा केले की जे उरतं तेवढंच दिसायचं. नोव्हेंबरात त्यांना युक्ती सुचली. मधला आडवा पाइप काढून टाकायचा, आणि दोन्ही कैच्या बाहेरच्या बाजूला दोऱ्यांनी ताणून खुंट्यांना बांधायच्या. अडीच किलो वाचतात.

बिभीषणने चित्र बघितलं आणि कान खाजवला. "सर, मदला पाइप म्हंजी कना हाय त्येचा. कना काडल्यावर मानूस हलका व्हतो, पन हुबा ऱ्हात न्हाई."

"तू दोनदा नापास झालास, बिभीषण."

"व्हय सर," बिभीषण म्हणाला, आणि पाइप काढून दिला.

हायस्कूलच्या मैदानावरच्या काळ्या मातीत खुंट्या ठोकून शय्या उभी राहिली आणि पंधरा किलो बटाट्यांनी तिच्यात सुखाने दोन तास काढले. आता फक्त झाडं नसलेली जागा हवी होती. शामकांतांनी सहल समितीत पठारावरचा एक माळ सुचवला. गावाचं गायरान, नजर जाईल तिथवर कुसळी गवत, झाडाचं नाव नाही.

"तिथे बघायला काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"क्षितिज," शामकांत म्हणाले.

"सरांच्या मनात आहे तर जाऊ या," साळवे म्हणाले, आणि ठराव पास झाला. माणूस इतका चांगला असावा, याचाही शामकांतांना त्रास झाला.

गायरानावर एक रात्र मुक्काम करायचा तर परवानगी हवी. ती आणायची जबाबदारी शामकांतांनी हौसेने अंगावर घेतली. ग्रामसेवकाने अर्ज वाचला.

"चार तंबू, ठीक. ही दोलाशय्या काय वस्तू आहे?"

"झोपायची."

"जमिनीला टेकते?"

"चार ठिकाणी."

"वर छप्पर?"

"आहे."

"मग ते तात्पुरतं बांधकाम झालं. तलाठ्यांकडे जा."

तलाठ्यांनी तीन बाजूंचं चित्र आधी उलटं धरलं, मग आडवं. दोन वर्षांपूर्वी त्या गायरानात कुणीतरी रातोरात चार खांब रोवून रसवंती उभी केली होती आणि ती हटवताना तलाठ्यांचे केस पांढरे झाले होते. चौथ्या खेपेला त्यांनी परवानगी दिली, हमीपत्रावर: गायरानात मेख, खुंटी वा खांब ठोकणार नाही, दगडगोटा जागचा हलवणार नाही. चार खेपांनी वैतागलेल्या सरांनी आनंदाने, झोकदार सही केली. परतीच्या बसमध्ये, कंडक्टर सुटे मागत असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपली शय्या खुंट्यांवरच उभी राहते.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, अंबिकालासुद्धा नाही. होईल काहीतरी, असं ठरवलं. आयुष्यभर मुलांना मोजमाप शिकवलेल्या माणसाने असं ठरवावं, यावरून मत्सर माणसाला कुठवर नेतो ते समजावं.

डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी माळावर तंबू लागले. तंबू असे, की नुसते उघडले की उभे राहतात. गाडी खाली रस्त्यावर थांबलेली. गावचा कोतवाल हमीपत्राची झेरॉक्स खिशात घालून हजर होता, आणि लंकाबाईंनी भरितासाठी वांगी भाजायला घेतल्यावर तो हलायचं नाव घेईना. शामकांतांनी खाकी पिशवीतून एकेक पाइप काढला. सगळे जमले. साळवे हात मागे बांधून उभे होते. काही बोलत नव्हते, आणि तेच असह्य होतं.

कैच्या उभ्या केल्या, आडव्या झाल्या. पुन्हा उभ्या केल्या. दोरीला पाण्याचे जार बांधले. बटाटे आत ठेवताच जार घसरत आले. सूर्यभानरावांनी मोठा धोंडा दाखवला. कोतवालाने झेरॉक्स दाखवली. "दगूड हलवायचा न्हाई. लिवून दिलंय सरांनी. खुंटी बी न्हाई ठोकायची."

"असं लिहून दिलंत?" अंबिकाने विचारलं.

शामकांत छपराच्या कापडाची घडी नीट करू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "मग जेवूनच घेऊ या." तेहतीस वर्षांत वर्गाने एवढी दया कधी दाखवली नव्हती.

अंबिकाने पदर खोचला. "दोरीवर माणसं बसवा. एका बाजूला तुम्ही बसा."

"आणि दुसऱ्या?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सूर्यभानरावांची अँजिओप्लास्टी झालेली. बाकीचे मधुमेहाने वाळलेले. मग एकेक नजर वळत वळत साळव्यांवर येऊन थांबली. साळव्यांचं वजन ब्याण्णव किलो होतं.

शामकांतांनी घसा साफ केला. "साळवेसाहेब, जरा बसता का?"

"बसतो की."

साळव्यांनी दोरी कमरेला अशी बांधली, की बघत राहावं. टाचा खडकाला लावून ते बसले आणि त्यांची बाजू कातळासारखी झाली. दुसऱ्या टोकाला शामकांत बसले. ते छप्पन्न किलोचे. बटाटे काढून अंबिका जरा टेकली, तसे तेही जारसारखे घसरले. तेव्हा त्यांच्या मांडीवर भरलेला जार दिला. आता तोल साधला. अंबिका अलगद पूर्ण आत शिरली. कैच्या करकरल्या आणि थांबल्या. वर छत्रीचं कापड वाऱ्याने फुगलं. तिने डोळे मिटले.

शय्या उभी होती. शामकांतांनी चौफेर पाहिलं. बघायला कुणी नव्हतं. सगळे भरिताकडे गेले होते. समोर वीस फुटांवर फक्त साळवे होते, आणि मध्ये अंबिका.

पाच मिनिटांनी लंकाबाई तांब्या घेऊन आल्या. पाणी त्या एकाच जारमध्ये उरलं होतं. बाकीचे धडपडीत सांडले होते. "सर, दोन तांबे घेते." त्यांनी घेतले, आणि अंबिका दोन बोटं खाली आली. मग सूर्यभानराव आले. मग कोतवाल. प्रत्येक जण जेवला की तहानलेला यायचा आणि सरांच्या मांडीवरून पाणी घेऊन जायचा, आणि प्रत्येक पेल्यासरशी सर तसूभर पुढे घसरायचे.

"पाणी कमी प्या हो," ते कुजबुजले. "भरीत तिखट आहे," सूर्यभानराव म्हणाले.

सगळे तंबूंत आडवे झाल्यावर माळ शांत झाला. मग झोपलेल्या बाईवरून पलीकडे ऐकू जाईल आणि ती उठणार नाही अशा आवाजात साळवे म्हणाले, "सर, एक सांगू? मला त्या हॅमॉकमध्ये मिनिटभरही झोप लागत नाही. कंबर धरते."

"मग ते फोटो?"

"डोळे मिटून काढायचे. स्टेलाने एवढं पाठवलंय. दर रविवारी फोटो नाही गेला तर तिचा फोन येतो, पप्पा बरे आहात ना. सूर्यभानराव काढतात फोटो. पाचात एकदा त्यांचं बोट येतं."

शामकांतांनी वर्षभराचे अंगठे मनात पुन्हा मोजले. ते सगळे अंगठे खोट्या झोपेला होते.

"खरं म्हणजे मला तुमचा हेवा वाटतो," साळवे म्हणाले.

"माझा?" शामकांत इतके चकित झाले, की उठायलाच निघाले. कैची कलली, अंबिका हातभर खाली आली. ते झटकन बसले. मग न राहवून विचारलं, "कधीपासून?"

"हे पाइप कापायला लागलात तेव्हापासून. बायकोला नीट झोप लागावी म्हणून माणूस चार महिने खपतो. रेबेका दोन वर्षं म्हणत होती, खिडकीला जाळी बसवा, डास येतात. मी म्हणायचो, बसवू. पोस्टात बसून मी लोकांची पत्रं वेळेवर पोचवली. जाळी राहिली ती राहिलीच."

हेवा वाटून घेण्याचं सुख शामकांतांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. गप्प बसले असते तर ते कायमचं त्यांचं झालं असतं. पण समोरचा माणूस वीस फुटांवर त्यांच्या बायकोच्या झोपेचं ओझं कमरेला बांधून बसला होता, उपाशी. त्याच्याशी खोटं बोलवेना.

"तिच्या झोपेसाठी नाही हो, साळवे," ते म्हणाले. "तुमच्या नाकावर टिच्चून करायचं होतं. ती झोपते कशी, कुठल्या कुशीवर, मला ठाऊक नाही. अडतीस वर्षं मी तिच्या आधी झोपतोय आणि ती माझ्या आधी उठतेय. भंडारदऱ्याला तुमच्या झोळीत ती झोपली ना, तेव्हा पहिल्यांदा तिला झोपलेली पाहिली. आणि मला राग आला. दमली असेल असं मनातसुद्धा आलं नाही."

एक टिटवी ओरडत गेली. सावल्या लांबल्या. शामकांतांचे पाय बधिर झाले, मग दुखू लागले, मग पुन्हा बधिर झाले.

सव्वादोन तासांनी अंबिका उठली. दोघांनी दोऱ्या सोडल्या आणि कैच्या माणसासारख्या गवतात आडव्या झाल्या. तिने साडी झटकली. शामकांत लंगडत जवळ आले. मंडळी तंबूंतून बाहेर येत होती. विचारायची हीच वेळ होती, साळवेही होते, आणि त्यांनी विचारलं, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"लागली का झोप?"

"झोप कसली? तुम्ही दोघं बोलत होता ना."

साळव्यांनी दोरीच्या गुंडाळीत तोंड घातलं. शामकांत लाल झाले. "सगळं ऐकलंस?"

"वीस फुटांवरून बोलत होता तुम्ही. तंबूतसुद्धा ऐकलं असेल."

"आणि मग भंडारदऱ्याला?"

"तिथे बावीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या होत्या. डोळे मिटल्यावर कोण उठवतंय? उठल्यावर काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोलले."

"मग आज कशाला पडून राहिलीस? आज तर स्वयंपाक लंकाबाईंकडे होता."

अंबिकाने छत्रीचं कापड उचललं, त्याची दोन टोकं त्यांच्या हातात दिली आणि घडी घालायला ती समोर उभी राहिली. "मी उठले असते तर तुम्ही बोलायचे थांबला असता," ती म्हणाली.

पुढे सूर्यभानराव आणखी एकदा अध्यक्ष झाले आणि सहलीच्या नियमांत त्यांनी एक कलम घातलं, की पिण्याचं पाणी कुणाच्याही अंगावर ठेवू नये. कोतवाल दर डिसेंबरात संघाला फोन करून विचारतो, यंदा भरीत कुठं हाय. लंकाबाई नातवाकडे राहात्याला गेल्या. तिथल्या नव्या शेजाऱ्यांना सांगतात, की रिकामी झोळी हलवली नाही म्हणूनच त्या दिवशी काही वाईट झालं नाही. बिभीषणने मधला पाइप परत जोडला आणि आता तो असल्या शय्या करून विकतो. सुप्याच्या कारखान्यातल्या साहेबांनी चार नेल्या. दुकानावर पाटी आहे, तिच्यावर चित्र आहे, सरांचं नाव नाही. शामकांत अकोले रस्त्याने जाणं टाळतात.

साळवे मागच्या उन्हाळ्यात स्टेलाकडे गेले. हॅमॉकमध्ये झोप येत नाही हे त्यांनी तिला समोर बसून सांगितलं. ती खूप हसली म्हणे, आणि मग रडली. आता ती दर रविवारी फोटो मागत नाही, नुसता फोन करते, आणि तो तासभर चालतो. शामकांतांच्या मुलाचा फोन दहा मिनिटांत संपतो, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलंय.

शामकांत तसे सुधारले नाहीत. मात्र एक सवय लागली. दुपारी अंबिका मधल्या खोलीत अंग टाकते, डोळ्यांवर हात घेते, तेव्हा ते दाराशी खुर्ची ओढून बसतात आणि जे तोंडावर बोलवत नाही ते छताकडे बघून बोलतात. साळव्यांच्या फोनचं असंच बोलले. बिभीषणच्या पाटीचंही. ती जागी आहे की झोपली आहे, ते विचारत नाहीत. गेल्या मंगळवारी ते म्हणाले, की उद्यापासून सकाळचा चहा मी करीन, तू पडून राहा. अंबिकाने डोळे उघडले नाहीत. फक्त भिंतीकडची कूस बदलून दाराकडे केली.